मध्यंतरानंतरचा खेळ

समीक्षा या वेळीही आत घुसली नाही. बास्केटखालची वाट मोकळी होती, समोर पेणची एकटी वैशाली उभी होती, तरी समीक्षानं लांबूनच चेंडू फेकला. तो रिंगला लागून बाहेर गेला.

कडेला उभ्या असलेल्या तिच्या प्रशिक्षक अनिता मॅडमनी कपाळावर हात मारला. पेणच्या कॉलेजचं मैदान, उपांत्य सामना, आणि मध्यंतरापर्यंत आरामात पुढे असलेला रोह्याचा संघ आता मागे पडत चालला होता.

तसं हे नवं नव्हतं. रोह्याच्या पोरींच्या खेळाचा काही नेमच नव्हता. एक दिवस मारतील तो चेंडू जाळीत, दुसऱ्या दिवशी फळ्यालासुद्धा लागायचा नाही. आक्रमण जमलं की बचाव उघडा पडायचा, बचाव सावरला की आक्रमण थंड. भरवशाची म्हणावी अशी एकच, समीक्षा. टप्पे मारत ती आत घुसली की दोघीतिघींना अंगावर घेऊन बास्केट करूनच परतायची. कॉलेजचं तिचं हे शेवटचं वर्ष. विद्यापीठाचा संघ निवडणारे सर आज समोरच खुर्ची टाकून बसले होते. मॅडमनीच त्यांना गळ घालून आणलं होतं.

आणि नेमकं आजच हे! बचावातही तीच तऱ्हा. वैशाली चेंडू घेऊन आली की समीक्षा अंग चोरून बाजूला व्हायची.

वैशाली मूळची रोह्याकडचीच. दोघींची घरं शेजारीशेजारी, गेल्या वर्षापर्यंत दोघी एकाच संघात. मे महिन्यात वैशालीचं लग्न झालं, ती पेणला आली आणि उरलेलं वर्ष इथल्या कॉलेजातून करू लागली. मध्यंतरात दोघी नळापाशी बोलत होत्या, ते मॅडमनी पाहिलं होतं. वैशाली खाली मान घालून काहीतरी सांगत होती आणि समीक्षानं तिचा हात घट्ट धरला होता. ते आठवलं आणि मॅडमचं डोकं तापलं. त्यांनी टाइमआउट घेतला.

"मैत्रिणीला मॅच द्यायचं ठरवलंयस का?"

समीक्षा वाकून बुटाची नाडी आवळू लागली.

"मी विचारतेय. आत का जात नाहीस?"

"जमत नाय मॅडम आज."

"मघाशी जमत होतं ते? काय बोलली ती तुला नळावर? खरं सांग."

समीक्षाचे डोळे भरून आले. तिनं एकदा वैशालीकडे बघितलं. "काय नाय."

"मग बस खाली." मॅडमनी मृणालीला उठवलं. मृणाली अंगानं दणकट, सांगाल ते करणारी. "वैशालीच्या अंगावरूनच आत जायचं. धक्का लागला तरी थांबायचं नाही."

समीक्षा ताडकन उभी राहिली. "तिला नका पाठवू मॅडम! मी जाते. आत जाते, खरंच."

"आता नाही."

मृणालीनं सांगितलं तसंच केलं. दोन बास्केट झाले, तीन झाले. रोहा बरोबरीला आलं. शेवटच्या मिनिटाला ती पुन्हा खांदा पुढे करून घुसली आणि वैशाली वाटेतून हटली नाही. धडक बसली. वैशाली मागच्या मागे सिमेंटवर आदळली. चेंडू जाळीत गेला. रोह्याच्या पोरी किंचाळल्या, मॅडमनीही दोन्ही हात वर केले. मग त्यांच्या लक्षात आलं, त्यांच्या शेजारची समीक्षा मैदानात धावत सुटली होती.

वैशाली कुशीवर वळून, पोटाशी हात धरून पडली होती. मॅडम पोचल्या तेव्हा ती समीक्षाला विचारत होती, "कुणाला बोलली नायस ना गो?"

"नाय गो. मॅडमनी इतकं विचारलं, तरी नाय."

रिक्षात वैशालीनं स्वतःच सांगितलं. तिसरा महिना लागला होता. घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर खेळायला कुणी पाठवलं असतं? एवढी मॅच खेळायची, मग सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. "म्हणून समीक्षाला बोलले, तू तेवढी अंगावर येऊ नको," ती म्हणाली. समीक्षानं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मॅडमना समीक्षाच्या तोंडाकडे बघवेना.

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टर खोलीबाहेर आले. बाळ राहिलं नव्हतं. वैशालीचं तसं काळजीचं कारण नव्हतं. पडण्यामुळेच झालं असं म्हणता येणार नाही, अशा गोष्टी कधी आपोआपही होतात, असंही ते म्हणाले. मॅडमनी ते त्यांच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. तेवढ्यात मैदानावरून पोरींचा फोन आला. सामना जिंकला होता आणि निवडीच्या सरांनी मृणालीचं नाव विचारून घेतलं होतं.

वैशालीचा नवरा हर्षद धरमतरच्या जेट्टीवर कामाला होता. तो तसाच, कामाच्या कपड्यांवर आला. पंचविशीचा पोरगा. आपण बाप होणार होतो हे त्याला दारातच कळलं, आणि आता होणार नाही, हेही. तो भांडला नाही. भिंतीला टेकून बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं दोघींकडे बघत विचारलं,

"पडली कशी ती?"

समीक्षानं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी नजर खोलीच्या दाराकडे वळवली.

"पाय घसरला तिचा," ती म्हणाली.

आणि दुपारी तिला खरं सांग, खरं सांग म्हणून दटावणाऱ्या अनिता मॅडमनी हळूच होकारार्थी मान हलवली.