प्लिमथचा चोर

इंजिनाच्या तोंडात कोंबलेला कापडाचा बोळा व्हर्जिलने दोन बोटांनी ओढून काढला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "चोर नाही हा."

गॅरेजच्या दारात उभा असलेला ग्लेन आत आला.

"काय झालं?"

"कार्ब्युरेटर गायब आहे. काल मी बसवला होता. आज गाडी सुरू करणार होतो." म्हातारा वळला आणि ग्लेनकडे परक्यासारखा बघत राहिला. "तुम्ही कारखान्यातले ना? नव्या पाळीतले?"

"हो," ग्लेन म्हणाला. हल्ली तो हो म्हणून मोकळा व्हायचा. मी तुमचा मुलगा, असं सांगितलं की म्हातारा आधी घाबरायचा, मग चिडायचा, मग बायकोला हाका मारत घरभर फिरायचा. कशाला नसता ताप?

गाडी एकोणसत्तर सालची प्लिमथ. गंजून कुत्रं विचारत नव्हतं, तेव्हा व्हर्जिलने ती ओढून घरी आणली होती आणि पोराला हाताशी घेऊन याच गॅरेजात पुन्हा उभी केली होती. रंग असा बसला होता की त्यात बघून दाढी करावी. आता फक्त कार्ब्युरेटर बसवायचा राहिला होता, आणि गेल्या वसंतापासून तो रोजच राहत होता. म्हातारा दिवसभर खपून तो बसवायचा. संध्याकाळी तो टीव्हीपुढे बसला की ग्लेन गॅरेजात शिरून तो काढायचा आणि सुटा करून फडताळात ठेवून द्यायचा. सकाळपर्यंत म्हातारा सगळं विसरलेला असायचा आणि नव्या हुरुपाने कामाला लागायचा. आज मेलं नेमकं आठवलं होतं.

ही युक्ती ग्लेनला काही हौस म्हणून सुचली नव्हती. वसंतात म्हाताऱ्याने बायकोची गाडी काढून भर दुपारी महामार्गावर उलट्या दिशेने घातली होती. कुणी मेलं नाही हे नशीब. त्या रात्री आईने ग्लेनला स्वयंपाकघरात बसवलं आणि म्हणाली, "प्लिमथ विकलीस तर हा मरेल. चालू झाली तर दुसरं कुणीतरी मरेल. तू बघ काय ते." सगळं बघायचं ते ग्लेननेच.

"इकडे या, हे बघा," म्हातारा इंजिनावर वाकला. "चारही नट परत आपापल्या जागी फिरवून ठेवलेत. हरवू नयेत म्हणून. पेट्रोलच्या नळीला बूच लावलंय. आणि वरून आत काही पडू नये म्हणून हा बोळा. कापडसुद्धा धुतलेलं, धागे न सुटणारं. कुठला चोर एवढं करतो, सांगा मला."

ग्लेनला उगीचच बरं वाटलं. पन्नाशी आली तरी बापाने काम वाखाणलं की बरं वाटायचंच.

"कारखान्यात इतक्या पोरांना शिकवलं मी. बोळा विसरू नका, बोळा विसरू नका, घसा फुटायचा माझा. एकानेही ऐकलं नाही. एक सोडून."

"कोण?" ग्लेनने विचारलं. विचारायला नको होतं.

"माझा पोरगा. ग्लेन."

म्हातारा स्टुलावर बसला आणि त्याच बोळ्याने बोटं पुसू लागला. बराच वेळ पुसत होता.

"त्याला ही गाडी पुरी व्हायला नकोय. एकेक आटा हात धरून शिकवला मी त्याला. आणि ते शिकलेलं त्याने कशाला वापरलं बघा."

"त्याला तुमची काळजी असेल."

"काळजी असती तर तोंडावर बोलला असता. म्हाताऱ्या, तुला आता गाडी झेपत नाही, असं सरळ म्हणायचं ना. मी काय खाणार होतो त्याला? वाईट वाटलं असतं, पण ऐकलं असतं. हे असं माझ्या पाठीमागे नट फिरवायचे... माझं वेड बघून हसत असेल घरी जाऊन."

"हसत नाही तो."

"तुम्हाला काय माहीत?"

ग्लेनच्या जिभेवर आलं होतं. पण सांगणार कुणाला? समोरच्या माणसाला आपल्या पोराशी बोलायचं होतं, कारखान्यातल्या कुणाशी नाही.

म्हातारा उठला, दाराजवळच्या खिळ्यावरची गॅरेजची किल्ली काढून त्याने ग्लेनच्या तळहातावर ठेवली.

"इथूनच घेतो तो. तुम्ही ठेवा तुमच्याकडे. भले दिसता. मी हल्ली विसरतो हो, उद्या त्याने मागितली तर देऊन बसेन. तुम्ही मात्र द्यायची नाही. त्याची आई मध्ये पडली तरी नाही. शब्द द्या."

"दिला," ग्लेन म्हणाला.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आईची हाक आली. "ग्लेन, चला रे दोघं. ताटं वाढलीत, गार होतंय सगळं."

म्हातारा दचकला. त्याने दाराकडे पाहिलं आणि घाईघाईने ग्लेनची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली.

"आला वाटतं तो," म्हातारा कुजबुजला. "खिशात घाला. लवकर."

ग्लेनने किल्ली खिशात घातली. आई पुन्हा हाक मारत होती, पण त्याने ओ दिली नाही.