परीक्षकांसाठी कचरा

ताडपत्रीवर एक केळ्याचं साल आणि एक तुटका कंगवा होता. विद्यापीठाचा आजचा कचरा एवढाच.

संशोधक मुलीने हातमोज्यातल्या बोटांनी कंगवा उलटून पाहिला. कुठल्या इमारतीतून रोज किती कचरा निघेल, हे आधीच सांगणारं मॉडेल तिने खपून खपून बनवलं होतं. मॉडेलच्या मते आज टेम्पो भरायला हवा होता. बाहेरून आलेले परीक्षक समोर खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्यादेखत कचरा तोलायचा. आकडा जुळला तर पीएचडी, नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

"सर," ती मार्गदर्शकांना हळूच म्हणाली, "तुम्ही काही केलंत का?"

"काही नाही गं. परीक्षक येतायत, परिसर चकाचक ठेवा, एवढी नोटीस काढली. पाहुणे यायचे म्हटल्यावर घर आवरतोच ना आपण?"

मग चौकशी झाली. वसतिगृहाच्या रेक्टरबाई म्हणाल्या, आमच्या मुली कचरा करतच नाहीत. कँटीनवाला म्हणाला, आज सगळ्यांनी ताटं चाटूनपुसून खाल्ली. रसायनशास्त्राच्या प्रमुखांनी, कचरा म्हणजे नेमकं काय, असं विचारलं. शेवटी मार्गदर्शकांनी बायकोला फोन लावला. ती स्कूटरवरून घरच्या दोन पिशव्या घेऊन आली, ओला वेगळा, सुका वेगळा. मुलीने त्या काट्यावर ठेवू दिल्या नाहीत.

"काकू, हा तुमच्या घरचा आहे. मॉडेल कॅम्पसचं आहे."

काकू दुखावल्या. एवढा निवडून आणला होता, म्हणाल्या.

परीक्षकांनी वाहनतळाकडे पाहिलं. तिथल्या बंद गाड्यांभोवती माश्या घोंघावत होत्या.

"मी गेलो म्हणून सांगा," ते म्हणाले, आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन उकिडवे बसले.

मार्गदर्शकांनी ध्वनिक्षेपकावरून पाहुण्यांचे आभार मानले. प्रवास सुखाचा होवो, असंही म्हणाले.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग कुलगुरूंच्या गाडीची डिकी उघडली. कुलगुरूंनी स्वतः दोन काळ्या पिशव्या कचराकुंडीत टाकल्या आणि हात झटकले. पाठोपाठ रसायनशास्त्राची डिकी उघडली, मग गणिताची. कँटीनवाल्याने मागच्या दाराने पिंप लोटत आणलं. वसतिगृहाकडून मुलींची रांग आली, प्रत्येकीच्या हातात फुगलेला उशीचा अभ्रा.

मुलगी काटा उचलून कुंडीकडे धावली.

"घाई करू नका," टाकीमागून परीक्षक म्हणाले. "ग्रंथालय अजून यायचंय."