वळणावर पाणी घालणारा माणूस

अमेरिकेत ईडन प्रेरीला लेकाकडे आलेल्या द्वारकामावशींना शेजारची हिमानी बर्फावरच्या स्केटिंगच्या शर्यती बघायला घेऊन आली होती. देशोदेशीच्या मुली हेल्मेट घालून भन्नाट पळत होत्या. मावशींची नजर मात्र वळणाच्या आत उभ्या असलेल्या एका माणसावर खिळली होती. शर्यत संपली की तो बादलीतलं पाणी वळणावर घालायचा, अंगणात सडा घालावा तसं, सगळीकडे सारखं.

"अगं, बर्फावर पाणी कशाला?"

"चरे भरून निघतात, मावशी. आणि वळणाची खूण म्हणून ठेवलेले ते काळे ठोकळे स्केट लागून सरकले, की ते परत जागेवर ठेवायचं कामही त्यांचंच."

पुढच्या शर्यतीत एक मुलगी ठोकळा उडवत घसरली आणि त्या माणसाच्या समोरच गाद्यांच्या भिंतीवर आदळली. त्यानं उडालेला ठोकळा उचलला, नीट जागेवर ठेवला आणि तो मागे सरकून उभा राहिला.

"माणूस आहे की दगड! पोरीला साधा हात देऊ नये मेल्यानं?"

"पडली ना, ती चारुता. ते तिचेच बाबा आहेत, मावशी. त्यांनी हात दिला, तर तिला रेसमधून बाद करतील."

चारुता धडपडत उठली आणि सगळ्यांच्या मागून का होईना, शर्यत पुरी करून गेली. मग त्यानं बादली उचलली. मावशी बघत राहिल्या. या खेपेला वळणावर थेंबही पडला नाही. सगळं पाणी त्याच्याच बुटांवर सांडत होतं.