मधे कोणी बोलणार नाही

आईच्या खोलीत दिवसभर मोबाइलवर भजनं चालू असायची, आणि दर दोन भजनांमागे ती गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात: "नमस्ते! कैसी हैं आप? घुटनों का दर्द कैसा है?" हेमंतचं डोकंच फिरायचं. "भजनात ही बाई कशाला घुसते? हटाओ ये ॲप!" म्हणत एक दिवस त्याने ते काढूनच टाकलं.

मग तो पेटलाच. निंबोल्याच्या मामांकडच्या जुन्या कॅसेटी आणल्या, बुऱ्हाणपूरच्या बाजारात एकाकडून सगळी भजनं पेनड्राइव्हमध्ये उतरवून घेतली, आईच्या उशाशी नवा स्पीकर ठेवला. "आता ही भजनं आपली स्वतःची, आई. मधे कोणी बोलणार नाही," असं दारातूनच सांगून तो दुकानावर पळाला.

पण आईची चुळबुळ सुरू झाली. एक भजन संपलं की ती मान वळवून स्पीकरकडे बघत राहायची, आणि दुसरं सुरू झालं की कूस बदलायची. हेमंतने आवाज वाढवून पाहिला, कमी करून पाहिला, भजनं मागेपुढे करून पाहिली. काही केल्या तिला चैन पडेना.

शेवटी तो वैतागला. "अजून काय कमी आहे यात? सांग तरी!"

आई जरा संकोचली.



"ती बाई येत नाही का रे आता? गुडघे कसे आहेत म्हणून मले तेवढी एकच विचारायची."