आमच्या घरची दोन मतं

“आमच्या घरची दोन्ही मतं ठरलीत,” आमचे हे सोफ्यावरून गरजले. न्यू जर्सीतल्या आमच्या हॉलमध्ये दिवाळीच्या जेवणाला जमलेले पुरुष अध्यक्षपदाची निवडणूक लढवत होते. आम्ही बायका स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होतो.

“काही म्हणा, इथलं जीवनमानच वेगळं,” खासनीसभावजी म्हणाले. “बायकांना केवढं स्वातंत्र्य! वहिनी, गरम पुऱ्या येऊ द्या.”

मी झारा घेऊनच बाहेर आले.

“ह्यांचं एक मत ठरलंय. माझं मी सकाळीच लायब्ररीतल्या मतदान केंद्रावर देऊन आले. नागरिक झाल्यावरचं पहिलंच.”

“मला न विचारता?” हे ताडकन उठले. “कुणाला दिलंस?”

“अहो, ते सांगायचं नसतं.” मी झारा त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या जागेवर बसले. “तेल तापलंय. पुढचा घाणा तुमचा.”