विसरटोपी

पेढ्यांचा पुडा पुढे करत मुलगी म्हणाली, "काका, दरीतल्या बसमधून तुम्हीच मला काढलंत. दहावी पास झाले!"

रुग्णवाहिकेवरचे लोखंडे ओशाळं हसले. "मला काहीच आठवत नाही गं, बाळ."

कामाची पाळी संपली की विसरटोपी घालून दिवसभर पाहिलेलं पुसून टाकायचं, हा नियम मनाच्या जखमांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. मृदुला सबनीसांचाच. शेजारीच उभ्या असलेल्या मृदुलाताईंना मुलीचा पडलेला चेहरा पाहून टोपीआधीचे दिवस आठवले. तेव्हा सगळे गाडीच्या पायरीवर चहा घेत बसायचे, रडायचे, वाचलेल्यांची नावं पुन्हापुन्हा घ्यायचे.

त्यांनी तीन चहा सांगितले. "पोरी, यांना पहिल्यापासून सांग. लोखंडे, आज टोपी नको."

"मॅडम, झोप लागायची नाही."

"टोपी नव्हती तेव्हाही लागायची नाही, पण सगळे मिळून जागायचे," म्हणत मृदुलाताई पायरीवर बसल्या आणि सरकून त्यांनी दोघांना जागा करून दिली.