जोड दिलेली स्प्रिंग

मागचं चाक निघालं, तसा गहिनीनाथने एक्सलखालचा जॅक हळूहळू खाली घेतला. एक्सल झुकला आणि मोडलेली स्प्रिंग दोन तुकड्यांत त्याच्या हातात आली.

तिसगावच्या त्याच्या अंगणात ही गाडी वर्षभर ताडपत्रीखाली उभी होती. करंजी घाटातल्या एका वळणावर तिची मागची बाजू अचानक खचली आणि ती रस्त्याकडेच्या चारीत गेली. त्याच्या बायकोचा, पंकजाचा, उजवा पाय तेव्हापासून नीट टेकत नव्हता. "दाजींना डुलकी लागली," असं तिच्या भावाने, अंगदने, गावभर सांगितलं. गहिनीनाथला डुलकी आठवत नव्हती. पण सगळेच म्हणायला लागले, तेव्हा त्यानंही मान खाली घातली. नागापूरच्या कारखान्यातला हा फिटर त्या दिवसापासून एसटीने कामावर जाऊ लागला. रोज सकाळी तो पंकजाच्या पायाला तेल चोळी. एकदा चोळता चोळता त्याने तिची माफी मागितली. ती काहीच बोलली नव्हती.

आता व्यायामासाठी तिला दर आठवड्याला नगरला न्यायचं होतं. म्हणून त्याने नवी स्प्रिंग आणली होती आणि धीरही गोळा केला होता.

त्याने तुकड्यांवरचा चिखल पुसला. तुटलेल्या टोकाशी वेल्डिंगची गाठ होती. नेमकी तिथूनच स्प्रिंग मोडली होती. स्प्रिंगला वेल्डिंग टिकत नाही, हे तो कारखान्यात नवशिक्यांना शिकवायचा. घाटात जायच्या आठच दिवस आधी अंगदने आपल्या गॅरेजातून ही गाडी परत दिली होती. "नवी कोरी स्प्रिंग टाकलीय, दाजी," म्हणाला होता. आणि अपघातानंतर वर्षभर एकच धोशा : "भंगारात घाला ती, अपशकुनी हाय."

गहिनीनाथ तुकडे घेऊन ओट्यावर आला. पंकजा शेंगा फोडत बसली होती.

"मला झोप लागलीच नव्हती," तो म्हणाला. "तुझ्या भावानं मोडकी स्प्रिंग जोडून दिली हुती. हे बघ."

तिने तुकड्यांकडे पाहिलं नाही. शेंगा फोडणारा तिचा हात तेवढा थांबला.

"पंकजा?"

"दादा दवाखान्यातच माझ्या पाया पडला हुता," ती म्हणाली. "त्याला गावानं दारात उभं केलं नसतं, अहो. तुमी सोसाल, हे मला ठावं हुतं."